वर्ग आणि त्याचे मूळ

एखाद्या संख्येस त्याच संख्येने गुणिले म्हणजे तिचा वर्ग होतो. आणि ज्या संख्येचा वर्ग केला असता दिलेली संख्या येते, ती त्या दिलेल्या संख्येचे वर्गमूळ होय. शाळेत पाठ करून घेतली जाणारी ही दोन वाक्ये दिसावयास जुळ्या भावंडांसारखी आहेत. बेरीज आणि वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार, तसेच वर्ग आणि वर्गमूळ. एक जाण्याची वाट, दुसरी परत येण्याची. परंतु गणिताच्या इतिहासाकडे नजर टाकली म्हणजे असे आढळून येते की, या वाटेने जाणे जितके सुलभ, तितकेच परत येणे बिकट आहे. सातांचा वर्ग एकोणपन्नास, हे पाढे येणारे कोणतेही मूल सांगेल. पण एकोणपन्नासावरून परत फिरले की धन सात आणि ऋण सात असे दोन धनी पुढे येतात. पन्नासावरून फिरावे तर पूर्णांकांत किंवा अपूर्णांकांत कोणीच सापडत नाही. आणि ऋण एकोणपन्नासाचे मूळ विचारावे, तर प्रश्नच चुकला की काय अशी शंका येते. या अडचणींशी माणसाने जी तीन हजार वर्षांहून अधिक काळ झुंज घेतली, तिच्यातून त्याची संख्येविषयीची कल्पनाच पालटून गेली. त्या झुंजीत भारताचा वाटा फार मोठा आहे.

आपल्याकडे या प्रश्नाचा उगम यज्ञभूमीवर झाला. 'शुल्ब' म्हणजे दोरी. दोरी आणि खुंट्या यांच्या साहाय्याने वेदी आखण्याचे नियम ज्यांत सांगितले आहेत, ती शुल्बसूत्रे होत. त्यांतील सर्वांत जुने बौधायनाचे. त्याचा काळ सामान्यतः इसवी सनापूर्वी ८०० ते ५०० यांच्या दरम्यान धरतात. गार्हपत्य अग्नीचे स्थान वर्तुळाकार, आहवनीयाचे चौरस आणि दक्षिणाग्नीचे अर्धवर्तुळाकार; परंतु तिन्हींचे क्षेत्रफळ मात्र सारखेच असले पाहिजे, असा दंडक होता. अग्निचयनात याहून कठीण अट होती. पक्ष्याच्या आकाराची चिती पहिल्या वेळी साडेसात चौरस पुरुष क्षेत्रफळाची करावयाची, दुसऱ्या वेळी साडेआठ, तिसऱ्या वेळी साडेनऊ, याप्रमाणे एकशे साडेएकपर्यंत वाढवीत न्यावयाची. आणि आकार तर बदलावयाचा नाही. आता क्षेत्रफळ साडेसाताचे साडेआठ करावयाचे, तर प्रत्येक बाजू किती वाढवावी? क्षेत्रफळाच्या प्रमाणात बाजू वाढवून भागत नाही, कारण बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते. बौधायनाने सांगितलेला उपाय असा की, वाढीव क्षेत्राचे पंधरा भाग करावे, त्यांतील दोन भाग मूळच्या प्रत्येक चौरस एककात मिळवावे, आणि अशा वाढलेल्या चौरसाची बाजू हेच नवे माप धरून सर्व चिती रचावी. हा उपाय म्हणजे वर्गमूळच होय. क्षेत्रफळ ठरलेले आहे, बाजू शोधावयाची आहे. वर्गमूळाची गरज ही अशी श्रद्धेतून आणि काटेकोरपणाच्या आग्रहातून उत्पन्न झाली. केवळ बुद्धिविलास म्हणून नव्हे.

अशा बाजूला सूत्रकारांनी 'करणी' असे नाव दिले. दोन चौरसांइतका एक चौरस निर्माण करणारी ती द्विकरणी, तिनांइतका करणारी ती त्रिकरणी. द्विकरणी काढण्याची सोपी रीत बौधायनास ठाऊक होती. चौरसाचा कर्ण हाच दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू होतो. त्याच सूत्रात त्याने आयताच्या कर्णाविषयीचा तो सर्वसामान्य सिद्धांतही सांगितला आहे, जो आज शाळांतून पायथागोरसाच्या नावाने शिकविला जातो. दोरीने कर्ण ताणून घेतला की प्रत्यक्ष काम झाले. पण बौधायन तेवढ्यावर थांबला नाही. कर्णाची लांबी संख्येत किती, हेही त्याने सांगितले. त्याचा नियम असा की, बाजूत तिचा तिसरा हिस्सा मिळवावा, त्या तिसऱ्या हिश्शाचा चौथा हिस्सा मिळवावा, आणि त्या चौथ्या हिश्शाचा चौतिसावा भाग त्यातून वजा करावा.

चौतीस हा आकडा प्रथम विचित्र वाटतो. बौधायनाच्याच मापनपद्धतीत एका अंगुळाचे चौतीस तीळ होतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नियमाचे रूप उजळते. बारा अंगुळांचा चौरस घ्यावा. बारांत चार मिळवावे, एक मिळवावे, आणि एक तीळ कमी करावा. कर्ण सतरा अंगुळांना एक तीळ कमी! ही संख्या अपूर्णांकात मांडली तर ५७७ छेद ४०८ अशी होते. तिचा वर्ग दोनांपेक्षा एक छेद १,६६,४६४ एवढाच अधिक भरतो. दशांशात पाहिले तर बौधायनाचे मूळ १.४१४२१५६ आणि खरे मूळ १.४१४२१३५, म्हणजे पहिली पाच दशांश स्थळे बिनचूक आहेत.

हा आकडा त्याने कसा मिळविला, ते सूत्रात सांगितलेले नाही. सूत्रांत नियम असतात, उपपत्ती नसते. परंतु विभूतिभूषण दत्त यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या शुल्बविषयक ग्रंथात जो उलगडा सुचविला, तो शुल्बसूत्रांच्या पद्धतीशी इतका जुळतो की तो मनाला पटतो. दोन सारखे चौरस घ्यावे. दुसऱ्याच्या उभ्या तीन पट्ट्या कापाव्या. त्यांतील दोन पहिल्या चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना जोडाव्या. कोपऱ्यात एक लहानसा चौकोनी खळगा राहतो. तिसऱ्या पट्टीचे तीन चौरस तुकडे करून त्यांतील एकाने तो भरावा. आता चौरसाची बाजू एक आणि एक तृतीयांश झाली, आणि दोन लहान तुकडे शिल्लक उरले. प्रत्येक तुकड्याच्या चार बारीक पट्ट्या कापून त्या टोकाला टोक लावून नव्या चौरसाच्या दोन बाजूंना बसवाव्या. त्या नेमक्या पुरतात, आणि बाजूत एक बारांश भर पडते. सगळे द्रव्य संपले. पण कोपऱ्यात पुन्हा एक खळगा राहिलाच. तो एक बारांश बाजूचा आहे. तो भरण्यासाठी दोन्ही बाजूंनी किंचित तासून घ्यावयाचे, आणि हे तासणे हाच तो बारांशाचा चौतिसावा भाग. तासतानाही कोपऱ्यात अतिसूक्ष्म फरक राहतो, कारण कोपऱ्याचा तुकडा दोन्ही बाजूंच्या हिशेबात धरला जातो. खळगा भरावा तो दुसरा लहान खळगा उघडा पडावा, असा हा प्रकार आहे.

पट्टी, पट्टी आणि कोपरा ही आकृती लक्षात ठेवण्यासारखी आहे. वर्ग आणि वर्गमूळ यांच्यातील सारा संबंध तिच्यात साठविलेला आहे. पुढे दशमान स्थानपद्धती आली, दोरीची जागा धूळपाटीने घेतली. परंतु ही आकृती अंकांच्या आड कायम राहिली. कुसुमपुर म्हणजे आजचे पाटणा येथील ज्ञानाशी संबंध सांगणाऱ्या आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आपल्या ग्रंथाच्या गणितपादात वर्गाची व्याख्या करताना चौरस आकृती आणि दोन समान संख्यांचा गुणाकार या दोहोंना एकच नाव दिले आहे. आणि लगेच पुढच्या एका श्लोकात वर्गमूळ काढण्याची रीत सांगितली आहे. तीच रीत आजही शाळांतून शिकविली जाते. एकं, शतं, दशसहस्र ही वर्गस्थाने. दहं, सहस्र ही अवर्गस्थाने. १,२२५ ही संख्या घ्यावी. बारांतून तिनांचा वर्ग नऊ वजा केला, तीन उरले. त्यावर दोन उतरविले, बत्तीस झाले. आलेल्या मुळाची दुप्पट सहा. तिने भागिले, भागाकार पाच, बाकी दोन. त्यावर पाच उतरविले, पंचवीस झाले. पाचांचा वर्ग वजा केला, शून्य राहिले. मूळ पस्तीस.

मुळाची दुप्पट का करावयाची, हा प्रश्न किती विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात विचारला असेल आणि किती जणांना त्याचे उत्तर मिळाले असेल! उत्तर यज्ञभूमीवर आहे. तीस बाजूचा चौरस नऊशेचा. १,२२५ मधून तो काढला की तीनशे पंचवीस उरतात. ते चौरसाच्या दोन बाजूंना पट्ट्या करून लावावयाचे आहेत. पट्ट्या दोन, म्हणून दुप्पट. तीस गुणिले पाच अशा दोन पट्ट्यांत तीनशे खर्च झाले; उरलेले पंचवीस पाच बाजूच्या कोपऱ्यात नेमके बसले. आर्यभटाची अंकरीत आणि बौधायनाची पट्टीरीत या दोन निराळ्या रीती नव्हेत.

मूळ जेथे पूर्ण निघत नाही तेथे काय करावे, याचे एक सुंदर उत्तर बख्शाली हस्तलिखितात आहे. १८८१ साली पेशावरच्या आसमंतातील बख्शाली या गावी जमीन खणताना हे भूर्जपत्रावरील हस्तलिखित सापडले. ते ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात ठेवण्यात आले. त्याच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. त्यातील रीत अशी की, दिलेल्या संख्येला जवळचा लहान वर्ग घ्यावा. जे उरेल त्यास मुळाच्या दुपटीने भागावे व भागाकार मुळात मिळवावा. मग त्या भागाकाराच्या वर्गास नव्या मुळाच्या दुपटीने भागून ते वजा करावे. एकेचाळिसांचे मूळ या रीतीने ६.४०३१३९ येते, खरे ६.४०३१२४ आहे. आणि गंमत अशी की, दोनांचे मूळ काढताना आरंभी एक आणि एक तृतीयांश घेऊन हीच रीत चालविली, तर उत्तर अचूक ५७७ छेद ४०८ येते, बौधायनाचे!

ही द्विकरणी कधीतरी पुरी होईल काय? यज्ञवेदीसाठी या प्रश्नाची आवश्यकता नव्हती. तीळभर कमी म्हटले की काम भागत होते. बाबिलोनच्या लेखनिकांनाही ती नव्हती. इसवी सनापूर्वी १८०० ते १६०० या काळातील, सध्या येल विद्यापीठाच्या संग्रहात असलेल्या एका मातीच्या वीटिकेवर चौरस आणि त्याचे कर्ण कोरलेले असून कर्णाचे प्रमाण षष्टिमान पद्धतीत दिलेले आहे. ते बौधायनाच्या आकड्याहूनही खऱ्या मूल्यास अधिक जवळ आहे. 'पुरी होईल काय' हा प्रश्न विचारला तो ग्रीकांनी, आणि त्याचे उत्तरही त्यांनीच दिले. त्यांची सिद्धता थोडक्यात अशी आहे. दोनांचे मूळ एखाद्या अपूर्णांकाइतके आहे असे समजू, आणि तो अपूर्णांक अतिसंक्षिप्त आहे असे धरू. मग अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट होईल. म्हणजे अंशाचा वर्ग सम. म्हणून अंशही सम, कारण विषम संख्येचा वर्ग विषमच असतो. अंश सम असेल तर त्याच्या वर्गास चारांनी भाग जातो. त्यामुळे छेदाच्या वर्गास दोनांनी भाग जातो, आणि छेदही सम ठरतो. पण दोन्ही सम असतील तर अपूर्णांक अतिसंक्षिप्त नव्हता! तेव्हा असा अपूर्णांकच नाही. ज्याने हे रहस्य फोडले तो पायथागोरसाचा शिष्य समुद्रात बुडाला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, पूर्णांकांच्या प्रमाणांवर विश्वाची उभारणी करू पाहणाऱ्या त्या पंथास हा केवढा हादरा वाटला असेल, याची कल्पना तिच्यावरून येते. चौरस डोळ्यांपुढे आहे, कर्ण दोरीने मोजता येतो, आणि तरीही त्या कर्णाला अपूर्णांकांच्या सबंध दुनियेत नाव नाही.

भारतीय गणितज्ञांनी या प्रसंगी निराळी वाट धरली. ज्याचे मूळ पूर्ण निघत नाही त्या राशीला त्यांनी 'करणी' हे जुने नाव तसेच चालू ठेवले, आणि करणींची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार यांचे नियम बांधले. जिचे मूल्य पुरते सांगता येत नाही, तिच्याशी व्यवहार मात्र निर्वेधपणे करता येतो, हे त्यांनी दाखविले. शिवाय मूळ पूर्ण निघत नसेल तर ते अधिकाधिक जवळ कसे आणावे, हा शोध त्यांनी फार दूरवर नेला. भिल्लमाल येथील ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'वर्गप्रकृती' हे गणित मांडले. एका वर्गाची काही पट करून तीत एक मिळविला असता पुन्हा वर्गच यावा, अशा संख्या शोधा. गुणक दोन असेल तर बारांच्या वर्गाची दुप्पट दोनशे अठ्ठ्याऐंशी. एक मिळविला की सतरांचा वर्ग. एका उत्तरावरून दुसरे काढण्यासाठी ब्रह्मगुप्ताने 'भावना' नावाची युक्ती सांगितली. ती बारा आणि सतरा यांना लावली की पुढची जोडी येते ४०८ आणि ५७७. दोरीने वेदी आखणाऱ्याने ज्या संख्या वापरल्या, त्याच शेकडो वर्षांनी बीजगणिताच्या दारातून परत आल्या.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने एकसष्ट गुणकाचे उदाहरण सोडविले. त्याची लहानांत लहान उत्तरे २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९ ही आहेत. १६५७ साली फ्रान्समधील फर्मा याने हेच एकसष्टाचे कोडे आपल्या समकालीन गणितज्ञांपुढे ठेवले. भारतात त्याचे उत्तर पाच शतके आधीच लिहून ठेवलेले होते, याची त्याला वार्ता नव्हती.

आता उरली चिन्हांची अडचण. ऋणास ऋणाने गुणिले असता धन येते, हा नियम ब्रह्मगुप्ताने स्पष्ट सांगितला होता. त्याचा परिणाम वर्गमुळावर होणारच. भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात म्हटले की, धन राशीचे मूळ धनही असते आणि ऋणही असते. हे त्यांनी उदाहरणांनी दाखविले. वानरांच्या एका कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि बारा वानर टेकडीवर आहेत, एकंदर किती? येथे अठ्ठेचाळीस आणि सोळा अशी दोन उत्तरे येतात, आणि दोन्ही ग्राह्य आहेत. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला आहे, आणि एक वानर दिसतो आहे. येथे पन्नास आणि पाच अशी उत्तरे निघतात. परंतु पाचांचा पाचवा हिस्सा एक. त्यातून तीन वजा केले तर ऋण दोन राहतात. आणि ऋण वानरांवर लोकांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते उत्तर आचार्यांनी बाजूस ठेवले. गणिताने जे दिले ते नाकारावयाचे नाही, आणि व्यवहाराला जे पटत नाही ते लादावयाचेही नाही, असा हा विवेक आहे. आजही याच ठिकाणी विद्यार्थी अडखळतात. ज्याचा वर्ग नऊ अशी संख्या विचारली तर उत्तरे दोन. परंतु मूळचिन्हाखाली नऊ लिहिले तर संकेताने धन तीनच घ्यावयाचे. हे मूळचिन्ह १५२५ साली जर्मनीतील रुडोल्फ याच्या ग्रंथात प्रथम छापले गेले. चिन्ह नवे, भेद जुनाच.

ऋण राशीला मात्र मूळ नाही, कारण ती कोणाचाच वर्ग नव्हे, असे नवव्या शतकात महावीराचार्यांनी आणि पुढे भास्कराचार्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले. त्यांच्या संख्याविश्वात ते सर्वस्वी खरे होते. हे विश्वच रुंद करण्याचे साहस सोळाव्या शतकात इटलीत झाले. बोम्बेली याने १५७२ साली ऋण राशीच्या मुळांशीही नियमाने व्यवहार करता येतो, असे दाखविले. ज्या राशींना पुढे 'काल्पनिक' असे नाव मिळाले, त्यांच्या आधारानेच आज विजेच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचे हिशेब होतात. ज्याचे मूळ पूर्ण निघत नाही त्या करणीला भारतीयांनी जसे घरात घेतले, तसेच याही मुळाला अखेर घरात घेतले गेले.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक प्रत्यक्ष दुवा आहे. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे. हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याने तेराव्या शतकाच्या आरंभी तेथे मठ स्थापिला. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी यांनी हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. ग्रंथ लिहिणे एक, आणि तो पिढ्यानपिढ्या कोणी समजून शिकवील अशी तजवीज करणे दुसरे. पाटणच्या त्या मठाने दुसरे काम पत्करले होते.

समजून शिकविणे हे या विषयात विशेष अगत्याचे आहे. वर्गमुळाची रीत पाठ झाली, पण मुळाची दुप्पट का करावयाची ते कळले नाही, तर विद्यार्थ्याच्या हाती आर्यभटाचा श्लोक येतो, आर्यभट येत नाही. कागदाचे दोन चौरस, एक कात्री आणि अर्धा तास एवढी सामग्री मिळाली, तर दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही दोन पट्ट्या आणि एक कोपरा स्वतःच्या हातांनी जुळविता येतो. शेवटी उरणारा तो खळगा त्याला दिसला की, दोनांचे मूळ संपत का नाही, हा प्रश्न ते आपण होऊन विचारू लागेल. वर्ग आणि वर्गमूळ यांचे नाते तेथे त्याला पहिल्यांदा खरे कळेल.